बिनशिशाचं पेट्रोल

मेकॅनिकने माझ्या जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन ऐकलं आणि हात पुसले. “काका, उगाच घाबरलात. हा तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हना जपायचं, आताच्यात ते नसतं, खरं. पण झीज होते ती ओझं ओढलं तरच. तुम्ही तर नुसता अंगणात फिरवता. इंजिन खोलायची गरज नाही.” तो पाने पेटीत भरू लागला. बायको गेल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. मी घाईने म्हणालो, “ओढतो की! रोज दगडांची ट्रॉली ओढतो.” त्याने शेडमागच्या ट्रॉलीकडे पाहिलं. टायर बसलेले, आत गुडघाभर गवत आणि जोडायच्या कडीत पाखराचं घरटं. माझे कान तापले. त्याने पेटी पुन्हा उघडली. “रोज एवढे दगड ओढता म्हणजे खोलावंच लागेल, काका. चार रविवार तरी जातील.”