शेवटची हाक

"दार उघडंच आहे की आपलं," अध्यक्ष म्हणाले. "यायचं त्याने यावं. आता काय घरोघरी जाऊन पाय धरायचे?"

हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांच्या हॅम रेडिओ क्लबच्या लांबट खोलीत हशा पिकला. पुलापलीकडच्या वस्तीतल्या लोकांना आपणहून बोलवावं, सभासद करून घ्यावं, असा विषय विज्ञानाच्या बाईंनी मांडला होता. बाई हसल्या नाहीत. "तिथलं एकही माणूस आजवर हा जिना चढलेलं नाही. का, ते तरी विचारूया."

"रेडिओवर कुणी कुणाची जात-जमात पुसतं का?" दातांचे डॉक्टर म्हणाले. "तिथे सगळे सारखेच."

मागच्या बाकावर एक तरुणी मांडीवरच्या बाळाला थोपटत बसली होती. घरून ठरवून आली होती, वडिलांचं टोपणनाव तेवढं सांगायचं. त्यापुढे विचारलं तर?

विषय पुढच्या बैठकीवर ढकलून अध्यक्षांनी चष्मा वर केला. "ताई, तुमचं काय काम होतं?"

"माझे वडील गेले. रेडिओवर त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. तुमच्यात गेलेल्या माणसाला शेवटची हाक देतात ना, ती त्यांना मिळावी. एवढंच."

अध्यक्ष उभेच राहिले. सकाळचा पहिला चहा ते रेडिओवर मास्तरांशी बोलत घ्यायचे. गुडघ्यांपासून सुनेपर्यंतची सगळी गाऱ्हाणी, सख्ख्या भावापाशी काढली नसतील अशी, त्या आवाजापाशी काढायचे.

"तरीच," ते पुटपुटले. "मी आपला समजत होतो, गावाला गेले असतील."

ते सेटपाशी बसले, माईक उचलला. "पूर्ण नाव सांग, पोरी. आधी नाव घ्यावं लागतं."

तिने नाव सांगितलं.

नावावरून कळायचं ते सगळ्यांना कळलं. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

"म्हणजे तुम्ही पुलापलीकडे..." अध्यक्ष म्हणाले.

"हो."

"पण आवाज इतका खणखणीत यायचा. मला वाटायचं, कुठेतरी लांब राहतात, अँटेना चांगला उंच असणार."

"कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी एक तार ताणली होती. जवळ राहतो ना, म्हणून यायचा."

अध्यक्ष म्हणाले, "एकदा तरी यायचं ना माणसाने इथे."

"आले होते. इस्त्रीचा सदरा घालून. जिन्यापर्यंत." बाळ चुळबुळलं, तिने त्याला खांद्यावर घेतलं. "वर हसणं चाललं होतं म्हणे. कशावरून, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे तुमच्याशी बोलायला बसले."

अध्यक्षांनी माईकचं बटण दाबलं. पूर्ण नाव घेतलं, एकेक अक्षर सुटं करत. मग हाक दिली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली. त्यानंतर थांबायचं, उत्तर येतं का ते ऐकायचं, अशी रीत. अध्यक्षांची बोटं मात्र माईकच्या बटणावर तशीच आवळलेली होती, नखं पांढरी पडेपर्यंत.

ती बाळाला घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"काका, बटण सोडा," ती हळूच म्हणाली. "दाबून धरलं की पलीकडचं ऐकू येत नाही."