चैतीचा दम

चैतीच्या तळहातावरचं कोंबडीचं पीस जराही हलत नव्हतं, आणि नेमकं तेच बघून माळावर जमलेल्या माणसांची पाचावर धारण बसली होती.

उगवतीचं ऊन आत्ता कुठे कातळावर उतरत होतं. चैती मांडी घालून बसलेली. पाठ सोट्यासारखी ताठ, डोळे मिटलेले, पीस नाकापासून चार बोटांवर. शेजारी बांबूची लाठी आडवी. श्वास असा सोडायचा की पिसालाही कळता कामा नये, आणि मगच लाठीला हात घालायचा, ही जिवामामाची शिकवण. मामा जव्हारला महाराजांच्या राजवाड्यावर पहारेकरी. सणावाराला खोडाळ्याकडे घरी आला की भाचीला या माळावर लाठी शिकवायचा, तीही गुपचूप. अगदी बहिणीलासुद्धा पत्ता लागू न देता.

"जोर दंडात नसतो, पोरी," तो म्हणायचा. "बेंबीखाली निजलेला असतो. तो जागा झाला का लाठी आपली आपण चालते."

चैतीला वाटायचं, मामा उगाच फुगवून सांगतो.

"बघा, बघा! जीव काढून ठेवलाय पिसावर," सोम्या भगत दबक्या आवाजात म्हणाला. सूप काखेत मारूनच तो आला होता. पाड्यातल्या पोश्याच्या दोन म्हशी एका आठवड्यात मेल्या, त्या कुणा बाईच्या करणीने, असं कालच त्याने सुपात तांदूळ टाकून सांगितलं होतं. आणि पोश्याच्या बायकोने तीन दिवस लागोपाठ चैतीला भल्या पहाटे माळावर जाताना पाहिलं होतं. हातात काय, तर कोंबडीचं पीस! मग आणखी काय पाहिजे?

"भुताळीच हाय," पोश्या म्हणाला.

चैतीला सगळं ऐकू येत होतं. भुताळी ठरलेल्या बाईचं काय होतं, हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेल्या साली पलीकडच्या पाड्यावरच्या गोजाबाईला असंच काठ्यांनी झोडपत रानात नेलं होतं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. पळावं? पण पळणारीला तर आधी गाठतात. भीती पोटातून वर चढू लागली, तसा चैतीने श्वास खाली ढकलला. बेंबीखाली. अजून खाली. पीस हललं नाही.

"ऊठ गं!" पोश्या ओरडला. "माझ्या म्हशी खाल्ल्यास ना?"

"दोन म्हशी खाल्ल्या असत्या, पोश्याकाका," चैती डोळे न उघडताच म्हणाली, "तर अशी काडी राहिले असते का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यावरच पोश्याचं डोकं फिरलं, आणि त्याची काठी सूंऽऽ करत खाली आली.

पुढचं चैतीने केलं की तिच्या हातून झालं, देव जाणे. डोळे उघडायच्या आधीच लाठी वर गेली होती. काठीवर काठी कडाडली. पोश्याची काठी मुठीतून सुटून पार दगडांत जाऊन पडली. मग दुसरा आला, तिसरा आला. चैती मधोमध उभी, आणि तिच्याभोवती लाठीचं असं गरगरतं कुंपण की आत माशी शिरायची नाही! तिने एकाही माणसाला मारलं नाही. फक्त काठ्यांना मारलं. पाच काठ्या खाली पडल्या तेव्हा ती थांबली.

तिला साधी धापही लागली नव्हती. अंगातून मात्र काहीतरी ऊन ऊन वाहत होतं, हात थरथरत होते, केस सुटून पाठीवर आले होते. म्हणजे मामा खरं सांगत होता! चैतीला इतका आनंद झाला की ती खदाखदा हसली.

ते हसणं ऐकलं आणि सोम्या भगताच्या काखेतलं सूप गळून पडलं.

"वारं आलं!" तो किंचाळला. "भुताळी नाय रं, देवी आलीय अंगात! पाया पडा, पाया पडा!"

आणि पडली की सगळी! पोश्या सगळ्यांच्या आधी. लाडकी नावाची म्हातारी तर चैतीच्या पावलाखालची माती उकरून कपाळाला लावू लागली.

"अवं, उठा ना!" चैती गोंधळून म्हणाली. "जिवामामानं शिकवलंय माला. लाठी हाय ही, नुसती लाठी!"

कुणी मान वर करेना. एकाने तर कपाळ आणखी जोरात मातीत दाबलं.

तेवढ्यात माणसांमधून वाट काढत भागी आली. चैतीची आई. कुणीतरी तिला शेतावरून ओढून आणलं होतं, नागली कापायचा विळा अजून हातात होता. चैतीचा जीव भांड्यात पडला. आता आई सगळ्यांना चार शिव्या हासडेल आणि आपला कान धरून घरी नेईल. धरू दे कान. पिळला तरी चालेल.

भागीने विळा खाली ठेवला. लेकीच्या सुटलेल्या केसांकडे, थरथरत्या हातांकडे एकदाच पाहिलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने चैतीच्या पावलांवर डोकं टेकलं.

"माझी एकच पोर हाय," ती म्हणाली. "ती माला परत दे."

चैतीच्या हातातून लाठी सुटली.

"आये," ती कशीबशी म्हणाली, "मीच हाय गं."

भागीने दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले.

"तिच्या आवाजात नको बोलूस, देवी."