आधीच कोरलेलं

भविष्य कुणालाच दिसत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. ते लातूरला आलेले नसणार. इथे अकरावीच्या पहिल्याच दिवशी ते फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: नीटला सातशेवीसपैकी किती.

भुजंग सरांच्या क्लासच्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार चालू होता. पंचवीस डॉक्टरांचा होऊन गेला. सव्विसावी विशाखा बिरादार. नीटला दोनदा आपटलेली, आता बेंगळुरूत डिझायनर. वीस वर्षांनी माणसं कसली यंत्रं वापरतील याची आजच कल्पना करायची, पुठ्ठ्याचं तसं यंत्र बनवायचं आणि लोकांच्या हातात देऊन बघायचं, हे तिचं काम. परदेशातल्या एका बक्षिसाची बातमी पेपरात आली, म्हणून हे बोलावणं.

शाल झाली, नारळ झाला. स्मृतिचिन्ह हातात आलं आणि ती थांबली. काचेवर सोनेरी अक्षरांत: डॉ. विशाखा शिवमूर्ती बिरादार.

"सर, हे चुकलंय."

"चुकलं न्हाई," फोटोग्राफरकडे बघून हसता हसताच भुजंग सर पुटपुटले. "सव्वीसची ऑर्डर एकदाच दिली. 'डॉ.' आधीच कोरून येतंय, नाव मागून टाकतेत. घे की. कोण विचारायलंय?"

पहिल्या रांगेत अप्पा बसले होते, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. पोरगी काय करते असं कुणी विचारलं, की सहा वर्षं ते 'दवाखान्याच्याच लाइनीत हाय' एवढंच सांगत आले होते. त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं: घे.

विशाखाने स्मृतिचिन्ह टेबलावर ठेवलं आणि माइक ओढला.

"मी डॉक्टर नाही. नीटला पहिल्यांदा दोनशे अकरा, दुसऱ्यांदा एकशे नव्वद. अप्पा, आज सगळ्यांसमोर सांगून टाकते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची विचारपूस खुद्द त्या घरानेच कशी करावी, यावर मी सध्या काम करते. तसलं घर अजून कुठंच नाही. ते माझ्या डोक्यातून निघालंय. त्याच्यावर हे 'डॉ.' मी चिकटवू देणार नाही."

हॉलमध्ये आठशे माणसं. शेजारच्याने अप्पांना कोपराने ढोसलं.

"काय हो बिरादार गुरुजी, डॉक्टर न्हाई म्हणायली की!"

अप्पांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"न्हाईच," ते मोठ्याने म्हणाले. "तुम्हाला कोण म्हणलं?"

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. नीलाबाई, इस्लापूरहून आलेल्या. मुलगी इथेच होस्टेलला.

"ताई, ह्याला मार्क किती लागतेत?"

"मार्क लागत नाहीत, मावशी."

"बरं. मग क्लास कुठं हाय ह्याचा?"

"क्लासच नाही याचा."

"क्लासच न्हाई?" नीलाबाई खाली बसल्या, पण आजूबाजूच्या चार बायका त्यांच्याकडे वळल्या. त्या काय बोलतायत ते भुजंग सर स्टेजवरून मान पुढे काढून ऐकत राहिले.

बापलेक स्मृतिचिन्ह तिथेच टेबलावर सोडून निघाले. जिना उतरताना अप्पा एवढंच म्हणाले, "त्या घराला कानडी येतंय का? तुझी आजी मराठीत बोलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला स्टेशनला सोडायला निघाले, तेव्हा क्लासच्या गेटवर नवा फ्लेक्स लागलेला होता. माइक ओढतानाचा विशाखाचा फोटो. वर ठळक अक्षरांत: 'भविष्य डिझाइन, फाउंडेशन बॅच, आठवीपासून. प्रेरणा: डॉ. विशाखा बिरादार.'

पहिली बॅच फुल्ल झाली होती.