दोघांची संमती

घड्याळजींनी रिसीव्हरवर रुमाल धरला, नेहमीसारखा, आणि नंबर फिरवला. मेजावर भिंग, चिमटा आणि छोटा रेकॉर्डर हाताशीच होते.

मोफत कायदा सल्ला केंद्रात बुधवारी दुपारी फोन घेणारे वकील ठरलेले होते. तिथला नियम मोठा सोयीचा: फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही.

"बोला काका," वकील म्हणाले. "आज काय? भिंत की नळ?"

घड्याळजी ओशाळले. भिंतीवरून भांडणारा शेजारी केव्हाच घर सोडून गेला होता आणि नळ तर कधी गळलाच नव्हता. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला उरली होती फक्त घड्याळं, आणि ती सगळी आपलंच म्हणणं पुढे रेटणारी.

"आज खरंच अडलंय," ते म्हणाले. "फोनवरचं बोलणं टेप केलं तर गुन्हा होतो का?"

"कुणाचं बोलणं?"

"माझ्या मुलाचं."

"घराबिराचा वाद आहे? पुरावा हवाय?"

"छे हो! ऐकायला. जेवताना लावून ठेवतो. समोर कुणी बोलत असलं की घास उतरतो."

"म्हणजे टेप करून झालंय. त्याला न सांगता."

"सांगितलं तर फोन ठेवील तो. माझ्याशी बोलत नाही."

"बोलत नाही, मग टेप काय करता?"

"असंच... इकडचं तिकडचं. मनातलं नाही." घड्याळजींनी घसा साफ केला. "दुकानात बसणार नाही म्हणाला, पुढे शिकायचं होतं त्याला. मी रागाच्या भरात म्हटलं, आजपासून माझ्याशी बोलू नकोस. कार्टं एरवी माझा एक शब्द ऐकायचं नाही. हा तेवढा ऐकला."

पलीकडे वकील हसले असावेत, किंवा खोकले.

"कायदा सरळ आहे, काका." आवाज कोरडा झाला होता. "काही ठिकाणी एकाची संमती पुरते. आपल्याकडे दोघांची लागते. समोरच्याला सांगायचं, त्यानं हो म्हटलं तरच टेप ठेवायची. नाही म्हटलं तर पुसायची."

"आधीचं सगळं?"

"सगळं."

उभ्या जन्मात घड्याळजींनी कुणाच्या घड्याळातला साधा स्क्रूसुद्धा न विचारता बदलला नव्हता. आणि आता म्हातारपणी चोरीच्या आवाजासमोर जेवायला बसायचं? सांगावं तर आवाज जाणार. न सांगावं तर घास उतरणार नाही.

मागच्या भिंतीवरचं घड्याळ चारचे ठोके देऊ लागलं. जगाची घड्याळं दुरुस्त करता करता घरचं राहून गेलं होतं. तिसऱ्या ठोक्यानंतर ते दमेकऱ्यासारखं अडकून पडे, इतकं की नवख्याला वाटावं, तीनच वाजले. वकील मात्र चौथा ठोका पडेपर्यंत थांबले. दर बुधवारी थांबत. सभ्य माणूस.

"मग काय ठरवलंत?" चौथ्या ठोक्यानंतर त्यांनी विचारलं.

घड्याळजींनी रुमाल काढला. त्याची नीट घडी घातली, बाजूला ठेवली. रेकॉर्डरवरचा लाल दिवा मघापासून लागलेलाच होता.

"वकीलसाहेब," आता त्यांचा आवाज मोकळा, त्यांचाच होता, "सांगून टाकतो. हे बोलणं टेप होतंय. आजचं, आणि आजवरच्या सगळ्या बुधवारांचं."

घड्याळजींनी डोळे मिटले आणि फोन ठेवल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले.

"माझी संमती आहे, बाबा."