लिटरला अकरा

झुल्फिकारनं गाडीची किल्ली उचलली, तशी रहमतबीनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मध्येच थांबून तिनं दम घेतला. "यील आता लाईट. चारच दिस राहिल्यात."

नसरापुरात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जायची. दहाला गेली की दोनपर्यंत परत यायची. आज तीन वाजून गेले होते. रहमतबीच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन मुकं पडलं होतं. दवाखान्यानं दिलेल्या छोट्या सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्यात उतरला होता. तरन्नुम सासूला वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. त्या वाऱ्यानं काही होणार नाही, हे तिलाही कळत होतं.

खिडकीबाहेर पिकअप उभी होती. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालणारी नवी गाडी. वेल्ह्याच्या रस्त्यावर ती खरोखर किती मायलेज देते हे बघायला कंपनीनं ती वर्षभरासाठी झुल्फिकारच्या हवाली केली होती. सकाळी पेंडीची पोती घेऊन वेल्ह्याला जायचं, येताना विंझरला दुधाचे कॅन भरायचे, दुपारी घरी. गाडीच्या हौद्यात घरातल्यासारखं एक सॉकेट होतं. लाईट गेली की तो खिडकीतून वायर ओढायचा, गाडी चालू करायचा आणि आईचं मशीन घरघरायला लागायचं. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू व्हायचं. "माजा जीव आता पेट्रोलवर चालतोय," असं रहमतबी शेजारणींना हसून सांगायची.

कंपनीला मात्र त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. गाडी घेताना त्यानं एका कागदावर सही केली होती. खासगी कामाला गाडी वापरायची नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

दहा दिवसांपूर्वी, सोमवारी, कंपनीच्या इंजिनिअर शेफाली मॅडम आल्या. त्यांनी गाडीला लॅपटॉप जोडला आणि कपाळाला आठी घातली.

"झुल्फिकारभाई, कंपनी सतरा सांगते आणि तुमच्याकडं लिटरला अकरा पडतंय. पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी मी परत येते. आकडा असाच राहिला तर गाडी कदाचित दुसऱ्या रस्त्यावर पाठवतील."

पेट्रोल कुठं मुरतंय हे झुल्फिकारला ठाऊक होतं.

"मॅडमला खरं सांगून टाका," त्या दिवशी तरन्नुम म्हणाली होती.

"आन ती म्हनली, द्या किल्ली, तर? अम्मीचं पुढं काय करायचं?"

शेवटी रहमतबीनंच निकाल दिला. पंधरा दिवस वायर लावायची नाही. सिलिंडरवर भागवायचं. एकदा आकडा सुधारला की गाडी राहील, मग आहेच की रोजचं. झुल्फिकारनं ते ऐकलं. तो एसी न लावता, आस्ते आस्ते चढ चढवत गाडी हाकू लागला. दर संध्याकाळी काचेवरची धूळ पुसून पेट्रोलच्या काट्याकडं बघायचा. मागचा गुरुवार निभावला. दोनच्या आत लाईट आली होती.

आज त्यानं वीज कार्यालयात तीनदा फोन लावला. तारेवर झाड पडलंय, अर्ध्या तासात येईल, असं तिन्ही वेळा सांगितलं. तो आईजवळ बसून राहिला. तिच्या ओठांचा रंग बदलत गेला. मनगटावरची पकड मात्र सुटली नाही. दर पाच मिनिटांनी त्याला वाटायचं, उठावं. दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता येईलच.

मग ती पकड आपोआप सैल झाली.

तो धावत बाहेर गेला. गाडी चालू केली, वायर खिडकीतून आत फेकली. मशीनचा हिरवा दिवा लागला. तरन्नुमनं नळी सासूच्या नाकाशी नीट बसवली आणि दोघंही तिच्या छातीकडं बघत राहिले. मशीन घरघरत होतं. छाती हलत नव्हती.

ठरल्याप्रमाणं सोमवारी शेफाली मॅडम आल्या. गुरुवारचं त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि झुल्फिकारनंही काही सांगितलं नाही. त्यानं गाडीचं दार उघडून दिलं. त्यांनी लॅपटॉप जोडला.

"अकराच," त्या म्हणाल्या.

"नीट बगा, मॅडम."

"नीटच बघितलं. तुम्ही जपून चालवलीत म्हणून पॉइंट दोन-तीननं वाढलंय, तेवढंच. ओझं टनभर आणि सगळा चढाचा रस्ता, या रस्त्यावर खरा आकडा हाच येणार. मी मागच्या आठवड्यातच तसं लिहून दिलंय आणि वरच्यांना पटलंयही. गाडी तुमच्याकडंच राहील."

झुल्फिकार गाडीच्या फाळक्याला धरून उभा राहिला.

"आमी पंधरा दिस वायर लावली न्हाई," तो म्हणाला. "लाईट गेली तरी लावली न्हाई. उभ्या गाडीवर थेंबभर पेट्रोल जाळलं न्हाई."

शेफाली मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि नवलानं त्याच्याकडं पाहिलं.

"पण का? तुम्ही वायर लावत होता ते आम्हाला पहिल्या महिन्यापासून दिसतंय. ते पेट्रोल आम्ही आधीच वजा करतो, मायलेजमध्ये ते धरतच नाही."