दोन पाकळ्या

नॉर्वेच्या विद्यापीठाला संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. कोरगावच्या शंभूने मात्र लेकीला आधी देवळात आणलं. "देवान डावो कौल दिलो, तर जावचा नाय," त्याने बजावलं. सुमंगलाला हे पटत नव्हतं, पण बापाचा शब्द मोडून जायचंही नव्हतं.

पायऱ्या चढताना त्याने विचारलं, "थंय बर्फात जाऊन करतलंस काय?"

"दोन जातींच्या पतंग-किड्यांची तुलना, बाबा. दोन्हींच्या अळ्या एकाच झाडाची पानं खातात. पण एकीच्या मादीला पंख नसतात. ती जमिनीतून निघते, जवळ सापडेल त्या खोडावर चढते, तिथंच अंडी घालते आणि मरते."

"आनी पंखवाली?"

"तीही तेच करते. फक्त झाड स्वतः निवडते."

लेकीला सभामंडपात थांबवून शंभू एकटाच गाभाऱ्यापाशी गेला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शंभूने डोळे मिटले आणि मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं, 'देवा, एकच चेडू माजा. डावीच पाड.'

देवाने लगेच ऐकलं.

"डावी पडली, शंभूबाब," गुरव हळूच म्हणाला.

शंभूने ती पाकळी उचलून मुठीत घेतली. बाहेर सुमंगला खांब घट्ट धरून उभी होती.

मूठ न उघडताच तो म्हणाला, "उजवी पडली गो. त्यांका कळव."