गयाबाईचं ताट

मोरिवलीच्या कारखान्यात रजा मंजूर झाली तशी यशोधरानं सायबर कॅफेत बसून आईला घेऊन कोरियाला जायचा बेत आखला. सेऊल बघायचं, मग डोंगरातल्या बुद्धविहारात दोन दिवस राहायचं, जमिनीवर झोपायचं, त्यांच्या पंगतीत जेवायचं. बॅग भरताना तिला साड्यांखाली स्टीलचं ताट सापडलं. "हे कशाला गं आई?" गयाबाई ओशाळली. "पंगतीला आपलं भांडं नको? लहानपणी गावच्या भंडाऱ्याला मी ताट घेऊनच जायचे. आपल्या लोकांना देवळाबाहेर बसवून वरून वाढायचे." यशोधरा म्हणाली, "तिथं वाडगे तेच देतात. सगळे एका ओळीत बसतात. जेवल्यावर ज्याचं त्यानं धुवायचं, मोठ्या भन्तेंनीसुद्धा." "भन्ते स्वतः?" "स्वतः." गयाबाईनं ताट उचलून फळीवर ठेवलं. रिकाम्या जागेत तिळाच्या चटणीचा मोठा डबा बसवला. "एवढी कशाला?" "शेजारी बसेल त्याला नको वाढायला?"